एक वाजताचा सुरुंग

मनोहर गुरव लेकीला दिवसातून एकदा फोन करत, आणि तो फोन नेहमी जेवणावरून सुरू होई. त्या दिवशीही तसाच झाला.

"काय गो, जेवलीस?"

"अप्पा, ड्यूटीवर आहे."

"ड्यूटीवर माणसं जेवत नायत काय? बरं, हे बघ."

त्यांनी फोन फिरवला. ऋतुजाच्या पडद्यावर आधी आभाळ आलं, मग कुणाचा तरी कान, मग सोमजाईची पालखी. तापेऱ्यातला शिमग्याचा तिसरा दिवस होता. भुवडवाडीच्या अंगणात ढोल घुमत होते आणि पालखीच्या पुढच्या दांडीखाली दिलीप भुवड घामाने निथळत नाचत होता. गावाबाहेर काळ्या दगडाची खाण होती, तिचा तो मालक. आणि अप्पांचा पहिलीपासूनचा सोबती.

"दिलप्याचं पोट बघ. पालखीच्या आधी तेच घरात शिरतं."

"मनोहर, देवीसमोर तरी गप बस," दिलीप धापा टाकत म्हणाला. "पोरीला सांग, तिच्या मशिनीला आजपासून आराम. खाण बंद."

"तेच सांगायला फोन केलाय. दारूच्या खोलीची किल्ली आत्ताच पालखीत ठेवलीन ह्यानं. पाच दिवस सुरुंग नाय."

तापेऱ्याची ती रीतच होती. शिमग्यात पालखी दारात आली की ज्याचं जे हत्यार ते देवीपुढे ठेवायचं. सुतार करवत ठेवी, कातकरी कोयता ठेवी, दिलीप सुरुंगाच्या दारूची किल्ली ठेवी. पालखी देवळात परतेपर्यंत कुणी आपल्या हत्याराला हात लावायचा नाही.

"उद्या सकाळी येते मी," ऋतुजा म्हणाली. "आईला म्हणावं, दोन पुरणपोळ्या ठेव."

"तुझ्या दोन आणि मी चोरून खायच्या दोन. चार सांगतो."

फोन ठेवला तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ही वेळ पुढे तिने इतक्यांदा आठवली की ती आकड्यासारखी राहिली नाही, चेहऱ्यासारखी झाली.

ती बसली होती ती खोली गावापासून सहा किलोमीटरवर, सड्यावरच्या उघड्या कातळपठारावर. खिडकीतून विहीर दिसे. विहीर म्हणजे वरून पाहिलं तर पोलादी झाकण घातलेलं, हातभर रुंदीचं एक भोक. खोल मात्र आठ किलोमीटर.

जमिनीत जितकं खाली जावं तितकं तापत जातं. किलोमीटरमागे साधारण पंचवीस-तीस अंश. कोकणाच्या या पट्ट्यात, जिथे गरम पाण्याचे झरे ओळीने फुटलेत, तिथे त्याहून पुष्कळ जास्त. उष्णता आहे हे माणसाला कायमच माहीत होतं, तिथवर पोचता येत नव्हतं. पोलादी दातांचा बरमा चार-पाच किलोमीटरांखाली मऊ पडे, झिजे, आणि दर वेळी तो बदलण्यासाठी अख्खी नळी वर ओढावी लागे. मग दात नसलेलं यंत्र आलं. ते वरून सूक्ष्मलहरींचा झोत सोडी. खालचा दगड वितळे, त्याची वाफ होई, आणि भोकाच्या भिंतींना काचेसारखा लेप बसे. तापेऱ्याच्या विहिरीच्या तळाशी तीनशे नव्वद अंश होते. एवढ्या उष्णतेत आणि दाबात पाणी धड पाणी राहत नाही, धड वाफ होत नाही. साध्या वाफेच्या कैकपट ताकद घेऊन ते वर येतं. कोळसा नको, धरण नको, ऊन-वाऱ्याची वाट पाहणं नको. एका विहिरीवर एका तालुक्याला वीज, बारा महिने, अष्टौप्रहर. ऋतुजाने या कल्पनेवर वयाची दहा वर्षं लावली होती आणि तिला त्याचा पश्चात्ताप नव्हता. आजही ती कल्पना तिला खोटी वाटत नाही.

धोका ठाऊक नव्हता असंही नाही. तळाचा खडक सलग असतो. त्यातून पाणी खेळवायचं तर त्याला बारीक भेगा पाडाव्या लागतात, म्हणजे दाबाने पाणी कोंबावं लागतं. भेग पडते तेव्हा खडक कणभर सरकतो, आणि जमीन कणभर हलते. ते कुणाला कळतही नाही. पण तो दाब एखाद्या जुन्या, ताणून बसलेल्या भेगेपर्यंत पोचला, तर मात्र काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून सात भूकंपमापकं पुरली होती आणि तीन दिवे होते. हिरवा असेल तर काम चालू. पिवळा असेल तर सावकाश. तासाभरात तीन धक्के आले आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा असला, तर लाल. लाल म्हणजे पंप बंद, गावात भोंगा, माणसं घराबाहेर मोकळ्यावर, आणि देवळामागच्या गरम कुंडाच्या आवारात अठ्ठेचाळीस तास कुणी पाऊल टाकायचं नाही.

दिलीपच्या खाणीचा मात्र घोळ होता. रोज दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेपाचला तिथे सुरुंग उडत, आणि सुरुंगाचा धक्का लहान भूकंपासारखाच उमटतो. सातही मापकं चालू असली तर यंत्राला फरक ओळखता येई. एखाद-दोन बंद असली की ते सरळ विचारी: भूकंप की सुरुंग? मग ड्यूटीवरच्या माणसाने बोटाने निवडायचं. सुरुंग निवडला की तो धक्का दिव्यांच्या हिशेबातून बाद, आणि नोंदीत नुसतं 'सुरुंग' उमटे, ते कुणी ठरवलं हे नाही.

बारा अठ्ठावन्नला पहिला धक्का आला. एक चारला दुसरा, एक अकराला तिसरा. एक पूर्णांक सात, एक पूर्णांक नऊ, दोन पूर्णांक एक. दोन मापकं परवापासून बंद होती. पडद्यावर प्रश्न आला. हे तिन्ही सुरुंग की भूकंप?

तिला अर्ध्या तासापूर्वीचा फोन आठवला नाही असं नाही. आठवला. आणि त्याबरोबरच दीड वर्षापूर्वीची गावसभा आठवली. लोक विहिरीला नाही म्हणत होते. तेव्हा कधी नव्हे ते अप्पा उठून उभे राहिले होते. "माझी पोर त्या खोलीत बसणार. भोंगा वाजला तर घराबाहेर पळा. नाय वाजला तर सुखानं निजा. शब्द माझा." त्या एका शब्दावर गावाने हात वर केले होते. आता पालखी अंगणात असताना, शेकडो माणसं, पोरंबाळं, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळ्यांमध्ये भोंगा वाजणार होता. चेंगराचेंगरी होईल, असं ती मनात म्हणाली. आकडे तर एवढेसे आहेत, असं म्हणाली. विहिरीला गावाचा होकार मिळवून देणाऱ्या अप्पांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे म्हणाली नाही. पण बोट हललं ते त्यासाठीच.

सुरुंग. सुरुंग. सुरुंग.

दिवा हिरवाच राहिला. तिने डबा उघडला आणि जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला जमीन हलली. चार पूर्णांक सहा. गावातली चौदा घरं तडकली, एकही पडलं नाही. पण देवळामागच्या कुंडाखालची जुनी भेग उघडली. खोलवर दाबाखाली कोंडलेलं, आधणाहून तापलेलं पाणी वाट फुटताच वर धावलं आणि वर येताच त्याची वाफ झाली. कुंडाचे चिरे माडाएवढ्या उंचीवर उडाले. त्या वेळी कुंडावर एकच माणूस होता. देवीच्या स्नानाचा हंडा भरायला गुरवानेच जायचं असतं.

कोल्हापूरच्या रुग्णालयात अप्पा साडेतीन दिवस होते. डोळे आणि उजवा हात सोडून सगळं पांढऱ्या पट्ट्यांत. डॉक्टरांनी ऋतुजाला बाहेर बोलावून शांतपणे टक्केवारी सांगितली, आणि आकड्यांशी आयुष्यभर मैत्री असलेल्या तिला पहिल्यांदाच एखाद्या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शुद्धीवर आले. आई चहा प्यायला खाली गेली होती.

"गावात कुणाला लागलं?"

"नाही अप्पा. कुणाला नाही."

"बरं." मग ते म्हणाले, "दिवा कुठला होता गो?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. पोरीला शाळेतून आल्यावर किती मार्क पडले विचारावं, तसं विचारलं होतं.

"हिरवा," ती म्हणाली.

"मग तुझी चूक नाय." त्यांनी डोळे मिटले. "मी म्हटलंच. माझी पोर असताना भोंगा चुकायचा नाय."

त्यानंतर ते आणखी अडीच दिवस जगले. तेवढ्यात सांगता आलं असतं. ती खुर्ची ओढून जवळ बसे, तोंड उघडे, आणि विचारी, "पाणी देऊ?"

चौकशी समितीचा अहवाल तीन महिन्यांनी आला. विहिरीच्या नोंदी नियमानुसार होत्या आणि दिवा सतत हिरवा होता. मात्र आदल्या दिवशी एक वाजता खाणीत लागोपाठ तीन जबर सुरुंग उडाल्याचं "यंत्राच्या नोंदीवरून सिद्ध" होत होतं. त्याने वरचा खडक सैल झाला आणि जुनी भेग जागी झाली असावी. दिलीप भुवडचा परवाना गेला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. अकरा दिवस कोठडीत राहून तो जामिनावर सुटला, तेव्हा गावातल्या दुकानदाराने त्याला काडेपेटीही दिली नाही. खाण बंद होती, किल्ली पालखीत होती, असं तो सांगत फिरे. लोक म्हणत, किल्ल्या काय दोन नसतात? ढोलांच्या आवाजात सुरुंग कुणाला ऐकू जातो? आणि मशीन कशाला खोटं बोलेल?

मशीन काहीच बोललं नव्हतं, हे सगळ्या पृथ्वीवर एकट्या ऋतुजाला ठाऊक होतं.

आई बदलली ती या अहवालानंतर. त्याआधी ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, अप्पांचा सदरा दोरीवर वाळत घालायची आणि संध्याकाळी काढून पुन्हा भिजवायची. अहवाल आल्यावर ती उठली. तिला कुणीतरी मिळालं होतं.

"त्याच्या पोटाला अन्न लागू नये," ती पीठ मळता मळता म्हणे. "माझ्या हातची शिमग्याची पोळी खाऊन गेला दर वर्षी. मैतर म्हणे."

"आई, नको ना."

"तू कशाला त्याची कड घेतेस? तुझ्या मशिनीनंच पकडलं ना त्याला? अप्पा वरून बघत असतील. म्हणत असतील, पोरीनं पांग फेडले."

ऋतुजा मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

तिने रोज रात्री गणित मांडलं होतं. एकला पंप थांबवले असते तर? दाब उतरायला दोन-दोन दिवस लागतात. दाब सोडल्यावरही धक्के येतात. भूकंप कदाचित तसाही झाला असता. चाळीस वेळा मांडून चाळीस वेळा उत्तर आलं: सांगता येत नाही. पण भोंगा वाजला असता तर कुंडाचं फाटक बंद झालं असतं, एवढं सांगता येत होतं. त्यावर मन म्हणे, अप्पा फाटक ओलांडूनही गेले असते, देवीचं स्नान चुकवलं नसतं त्यांनी. मग ती या विचाराला अशी धरे, जसं बुडणाऱ्याने दुसऱ्या बुडणाऱ्याला धरावं.

शेवटी ती कर्णिक मॅडमकडे गेली. प्रकल्प त्यांचा, तीन दिव्यांचा नियमही त्यांनीच लिहिलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावून घेतलं. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"वेळ सुरुंगाची, जागा खाणीच्या बाजूची, दोन मापकं बंद. तुझ्या जागी कुणीही सुरुंगच म्हटलं असतं."

"कुणाला माहीत नव्हतं खाण बंद आहे. मला माहीत होतं."

"किनाऱ्यावर आणखी अकरा विहिरी मंजूर आहेत, ऋतुजा. तू हे बोललीस की त्या सगळ्या बुजतील, आणि त्यांच्या जागी कोळसा जळेल. त्या धुराने माणसं मरतात. फक्त त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. मी तुला गप्प बस म्हणत नाही. तो अधिकार मला नाही. बोटाने निवडायची सोय मी ठेवली, ती माझी चूक. ती मी आता काढून टाकली आहे. पुढची विहीर जास्त सुरक्षित असेल."

"आणि दिलीपकाका?"

"त्यांना चांगला वकील देऊ आपण."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. असत्या तर ऋतुजाला परतताना जरा हलकं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात दिलीप तिला एस.टी.च्या थांब्यावर भेटला. पोट राहिलं नव्हतं. सदरा खुंटीवर लटकावा तसा लटकत होता. चार हात लांबच उभा राहिला.

"बोललीस तर तुझी आईस रागावेल. तू नको बोलू, मीच बोलतो. मी खोटारडा आहे गो, एकदा सुट्टीच्या दिवशी सुरुंग उडवून दंड भरलाय, सगळ्या गावाला माहीत. पण देवीची किल्ली नाय उचलली. तुझा बापूस मागं उभा होता, त्यानं बघितलंन." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू शिकलेली. त्या मशिनीला परत एकदा विचारून बघ. माणूस चुकतो, मशीन पण चुकत असेल."

"काका..."

"पुढच्या सोमवारी गावकी बसतेय. मी देवीसमोर शपथेचा नारळ उचलणार. मग वाळीत टाकतील नायतर ठेवतील."

एस.टी. आली. तो चढला नाही. ती चढली, आणि जागा असूनही दांडी धरून उभी राहिली.

सोमवारी दुपारी देवळाचा सभामंडप भरला. बारा वाड्यांची माणसं आली होती. दिलीप खांबाशी एकटा बसला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांची जागा मोकळी. नारळ उचलण्याआधी देवीला गाऱ्हाणं घालायचं असतं. गावाचं दुःख गुरवाने मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यागणिक गावाने हुंकार द्यायचा. आजवर ते अप्पा घालत. आता त्या घरात पुरुषमाणूस नव्हता.

"माझी पोर घालील," आई म्हणाली.

कुजबुज झाली. "बाईमाणसानं गाऱ्हाणं?" कुणीतरी म्हणालं.

"बाईमाणसाचा बापूस गेलाय," आई म्हणाली. "तुमचा नाय."

सगळ्यांत म्हातारे मानकरी होते, त्यांनी मान डोलावली. "घर त्यांचं, मान त्यांचा. घाल पोरी."

आईने तिचा दंड धरून तिला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी नेलं आणि कानात म्हणाली, "ज्यानं तुझ्या अप्पांना नेलंन त्याचं नाव घे. त्याचं वाटोळं माग. सगळ्यांसमोर माग."

ऋतुजाला गाऱ्हाणं पाठ होतं. लहानपणापासून ऐकलेलं. पहिला शब्द उच्चारला तेव्हा आवाज तिचा वाटला नाही.

"हे आई सोमजाई, आज तापेऱ्याची लहानथोर लेकरं तुझ्या पायरीशी गोळा झाली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला.

"गावावर घाला आला. तुझा गुरव गेला, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आईचा आवाज सगळ्यांत वर होता.

"आदल्या दिवशी दुपारी एक वाजता जमीन तीनदा हलली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मशिनीनं विचारलं, हा सुरुंग की भूकंप. मला कळत नाही, तूच सांग म्हणाली, म्हाराजा."

अर्ध्या मंडपाने सवयीने हुंकार दिला. अर्धा थांबला. मानकऱ्यांनी मान वर केली.

"मशिनीनं सुरुंग म्हटलंच नाही. मी म्हटलं. या बोटानं."

दिलीप खांबाला धरून उठायला गेला आणि अर्धवटच वाकून राहिला. पुढचे शब्द देवीला सांगायचे नव्हते. ऋतुजा वळली. आई हातभर अंतरावर होती, तोंड पुढच्या हुंकारासाठी अजून उघडं.

"आई, दिलीपकाकांची खाण बंद होती. अप्पांनीच मला फोन करून सांगितलं होतं, अर्धा तास आधी. मला माहीत होतं. लाल दिवा मी लागू दिला नाही, भोंगा मी वाजू दिला नाही. अप्पांची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि त्यांनी दिवा कुठला होता असं विचारलं, तेव्हा मी नुसतं हिरवा म्हटलं, तो मीच हिरवा ठेवला हे सांगितलं नाही."